जुन्या लॅपटॉपवर कंपनीचं नाव येतं, फॉरमॅट मारूनही जात नाही: काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर लगेच कळेल. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी तुम्ही सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून वापरलेला डेल लॅटिट्यूड २२ हजारांना घेतला. आठव्या पिढीचा आय-फाईव्ह. दुकानात चालू करून दाखवला तेव्हा सगळं ठीक होतं. घरी आल्यावर मुलीनं तो स्वतःच्या नावानं सुरू करायचा म्हणून रीसेट केला, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर पुण्यातल्या एका कंपनीचं नाव येऊन कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागायला लागला. दुकानदारानं पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाकून दिली. घरी वायफाय जोडताच पुन्हा तेच. आता तो म्हणतोय की एसएसडी, म्हणजे आतली साठवणीची डिस्क, बदलावी लागेल, दोन हजार होतील. ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. एसएसडी बदलली तरी हेच पान पुन्हा येईल. कारण हे कुलूप डिस्कवर नाहीच.

मी सोलापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो आणि त्याच्या जोडीला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या काही कारखान्यांच्या ऑफिसांचे संगणक सांभाळतो. म्हणजे असं कुलूप लागलेली मशीन माझ्या टेबलावर येतात, आणि ऑफिसच्या मशीनना हेच कुलूप मी स्वतः लावतोही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ते कसं दिसतं हे सांगू शकतो.

मोठी कंपनी एका वेळी शेकड्यांनी लॅपटॉप घेते. प्रत्येक मशीन उघडून, विंडोज घालून, कंपनीचे नियम बसवून कर्मचाऱ्याच्या हातात देण्यात आयटीवाल्यांचे आठवडे जायचे. त्यावर मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये ऑटोपायलट नावाची सोय आणली. लॅपटॉपचा सिरीयल नंबर, मदरबोर्डची ओळख, त्यावरची सुरक्षेची टीपीएम चिप, नेटवर्क कार्डाचा पत्ता अशा गोष्टींची मिळून एक लांबलचक खूण तयार होते. ती खूण कंपनी किंवा लॅपटॉप विकणारा डीलर मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या नावानं नोंदवतो. त्यानंतर त्या मशीनवर विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन इंटरनेटला जोडली गेली, की ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला आपली खूण दाखवते आणि विचारते, माझी नोंद कोणाकडे आहे का? सर्व्हर कंपनीचं नाव सांगतो आणि तुमच्या मुलीला दिसलं ते पान उघडतं.

आपल्याकडे शेतजमीन घेतल्यावर खरेदीखत होतं, ताबाही मिळतो, पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. तुमच्या लॅपटॉपचं नेमकं तेच झालंय. शेत कितीदा नांगरलं म्हणून उताऱ्यावरचं नाव बदलत नाही, तसं विंडोज कितीदा टाकली म्हणून ही नोंद बदलत नाही. ज्याच्या नावावर नोंद आहे त्यानंच ती सोडावी लागते. म्हणून तुमच्यापुढचं काम मुळात कागदपत्रांचं आणि योग्य माणूस गाठण्याचं आहे. स्क्रू-ड्रायव्हरचं काम यात जवळजवळ नाहीच.

ओळखीच्या या खुणेत मदरबोर्डचा वाटा सगळ्यात मोठा असतो. म्हणून रॅम, एसएसडी, बॅटरी, स्क्रीन काहीही बदला, काही फरक पडत नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी यात एक गोष्ट आहे. भंगारातून काढलेला मदरबोर्ड दुसऱ्या लॅपटॉपला बसवला, तर बोर्डासोबत जुन्या कंपनीची नोंदही येऊ शकते. गिऱ्हाईकाचा स्वतःचा, नवा घेतलेला लॅपटॉप बोर्ड बदलल्यावर अचानक परक्या कंपनीचं नाव दाखवायला लागतो आणि त्याला कारण कळत नाही. जुना बोर्ड बसवण्याआधी तो नेटला जोडून सेटअपपर्यंत नेऊन बघायला हवा.

आता, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हे ऑटोपायलटच आहे असं मी धरून चालतो. पण हा प्रश्न दुसरेही वाचतील आणि प्रत्येकाचं कुलूप वेगळं असू शकतं, म्हणून फरक सांगतो. वायफाय जोडल्यावर कंपनीचं नाव आलं तर ऑटोपायलट. विंडोज सुरू व्हायच्याही आधी, काळ्या किंवा निळसर पडद्यावर पासवर्ड मागितला तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनमधल्या मूळ प्रोग्रामचा पासवर्ड. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो, आणि लेनोवोच्या थिंकपॅडला सुपरव्हायझर पासवर्ड लागलेला असेल तर लेनोवोचं स्वतःचं उत्तर बोर्ड बदला हेच असतं. निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ते बिटलॉकर. ते फक्त डिस्कवरचा जुना डेटा राखतं. तो डेटा तुमचा नाहीच, त्यामुळे डिस्क पूर्ण पुसून विंडोज टाकली की तो विषय संपतो. मॅकबुक असेल तर सेटअपमध्ये रिमोट मॅनेजमेंट असं पान येतं. ते ॲपलच्या बिझनेस मॅनेजर नावाच्या व्यवस्थेतून येतं आणि तिथूनही कंपनीनंच मशीन मुक्त करावं लागतं. ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक हा आणखी वेगळा प्रकार, तो माणसाच्या ॲपल खात्याशी बांधलेला असतो. क्रोमबुकलाही कंपनीची किंवा शाळेची नोंद अशीच चिकटून राहते.

याशिवाय बायोसमध्ये शिरून ॲब्सोल्युट किंवा कॉम्प्युट्रेस असं नाव दिसतं का, ते एकदा बघा. चोरी झालेलं मशीन शोधण्यासाठीची ती सोय असते, तिचा पाया बायोसमध्ये असल्यामुळे डिस्क बदलूनही ती राहते. तिथे ॲक्टिव्हेटेड असं लिहिलेलं दिसलं तर कंपनीला पत्र लिहिताना त्याचाही उल्लेख करा.

आणि एक दिलासा. विंडोज उघडल्यावर सेटिंग्जमध्ये कुठेतरी काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते अशी ओळ दिसते म्हणून कितीतरी जण घाबरून दुकानात येतात. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरनं विंडोजचा एखादा नियम बदलला तरी ती ओळ येते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग ॲक्सेस वर्क ऑर स्कूल हे पान उघडा. तिथे कंपनीचं खातं जोडलेलं दिसलं तर काळजीचं; तिथे काहीच नसेल तर बहुतेक वेळा काही नसतं.

तुमच्या पत्नीनं विचारलंय की कंपनीवाल्यांना आमच्या घरातलं काही दिसत असेल का. आत्ता ज्या पानावर मशीन अडकलंय तिथपर्यंत तुमचं काही त्यात गेलेलंच नाही. फक्त मशीननं आपली ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला दाखवली आहे. कंपनीच्या खात्यानं कोणी आत शिरला, म्हणजे मशीन खरोखर कंपनीच्या देखरेखीखाली गेलं, की गोष्ट बदलते. मग आयटीवाला दुरून नियम लावू शकतो, सॉफ्टवेअर टाकू किंवा काढू शकतो, मशीनवर काय काय बसवलंय त्याची यादी बघू शकतो, आणि सगळं पुसूनही टाकू शकतो. माझ्या ताब्यातल्या ऑफिसच्या मशीनवर पुसण्याचं ते बटण मला दिसतं, त्याला मोजून एक-दोन क्लिक लागतात. म्हणून कोणी तुम्हाला "एका ओळखीच्याचं कंपनीचं लॉगिन टाकून देतो, चालू होईल" असं म्हणालं, तर तसं बिलकूल करू देऊ नका. मुलीची प्रोजेक्टं, बँकेचं लॉगिन, आधारची कॉपी हे सगळं मग परक्याच्या हातातल्या मशीनवर जाईल.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ही नोंद अजून का राहिली आहे? इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे आणि पडद्याकडे बघून ते मला किंवा कुणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळा बघायला मिळतं ते साधं विसरणं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. त्याच्या आगेमागे कंपन्यांनी जुने लॅपटॉप लॉटनं काढले. विकायचं काम ॲडमिन किंवा ॲसेट विभाग करतो, नोंद काढायचं काम आयटीचं. ॲसेटवाल्यांनी डिस्क पुसल्याचं प्रमाणपत्र घेतलं, नग मोजून लॉट दिला, आणि आयटीला यादी पाठवायची राहून गेली. कित्येकांचा प्रामाणिक समज असतो की डिस्क पुसली म्हणजे सगळं गेलं.

दुसरी शक्यता भाडेपट्ट्याची. पुष्कळ कंपन्या लॅपटॉप विकत न घेता लीजवर घेतात. मुदत संपली की मशीन लीज कंपनीकडे परत जातं आणि ती पुढे विकते. अशा वेळी कायद्यानं मालक एक आणि ऑटोपायलटमध्ये नाव दुसऱ्याचं. विक्री चोख असते, फक्त वापरणाऱ्या कंपनीनं परत करताना नोंद काढलेली नसते.

तिसरी शक्यता नको वाटते, पण सांगितलीच पाहिजे. नोकरी सोडून गेलेल्यानं मशीन परतच केलं नाही, किंवा बसमध्ये, रेल्वेत बॅग गेली. अशा वेळी कंपनी नोंद मुद्दाम ठेवते. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर; तिथलं मशीन इथल्या बाजारात यायला वेळ लागत नाही. दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही. तोही लॉटमधूनच घेतो.

पहिल्या दोन प्रकारांत लॅपटॉप तुमचाच आहे आणि नोंद निघू शकते. तिसऱ्यात तो तुमचा कधी नव्हताच. कंपनीला विचारल्याशिवाय यातलं कुठलं हे कळत नाही, म्हणून मी दर वेळी विचारायलाच सांगतो.

काय करायचं ते क्रमानं सांगतो. लॅपटॉप उलटा करा. डेलवर सात अक्षरी सर्व्हिस टॅग असतो. मग मशीन चालू करताना एफ-टू दाबून बायोस उघडा आणि तिथला सर्व्हिस टॅग बघा. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर खोका एकाचा आणि बोर्ड दुसऱ्याचा आहे. मग दुकानदाराशी बोलणं वेगळ्या सुरात करावं लागेल. डेलच्या सपोर्टच्या पानावर टॅग टाकला की मशीन मूळ कधीचं आहे आणि वॉरंटी कधी संपली हेही दिसतं. त्यानंतर बिल काढा. बिलावर हाच टॅग छापलेला आहे का? नुसतं "डेल लॅपटॉप, १ नग" असं लिहिलं असेल तर आजच दुकानात जाऊन टॅग घातलेलं बिल मागा. टॅग नसलेलं बिल पुढे कुठेच उपयोगाला येत नाही. पडद्यावर कंपनीचं नाव आलेल्या पानाचा फोटोही काढून ठेवा.

मग दुकानदाराला शांतपणे सांगा की एसएसडी नको, ज्याच्याकडून लॉट घेतला त्याला फोन लावा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण साखळी उलट जाते. नवी पेठेतल्या दुकानदारानं पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला असतो, त्यानं लिलावात लॉट उचलणाऱ्याकडून. त्या प्रत्येकाकडे सिरीयल नंबरची यादी असलेलं बिल असायला हवं. लॉट उचलणाऱ्याचे कंपनीच्या ॲसेट विभागाशी रोजचे संबंध असतात. त्याच्या एका ईमेलनं जे होतं ते आपल्या दहा फोननं होत नाही. बरे दुकानदार हे करतात, त्यांना आपलं नाव टिकवायचं असतं.

दुकानदारावर पूर्ण विसंबू नका. समांतर तुम्ही स्वतः कंपनीला लिहा. नाव पडद्यावर आहेच. कंपनीच्या वेबसाइटवरून फोन नंबर आणि ईमेल घ्या, ऑफिसच्या मुख्य नंबरवर फोन करून आयटी किंवा ॲसेट विभाग मागा. ईमेल इंग्रजीत लिहा, पण मजकूर एवढाच ठेवा: आपल्या नावाने ऑटोपायलटमध्ये नोंद असलेला हा लॅपटॉप मी अमुक तारखेला अमुक दुकानातून बिलाने घेतला. सर्व्हिस टॅग हा. बिल आणि पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे. आपल्या नोंदीत हे मशीन विकलेलं किंवा परत दिलेलं दिसत असेल तर ऑटोपायलटची नोंद कृपया काढावी. तसं नसेल तर कळवावं, मी मशीन परत करायला तयार आहे.

ते शेवटचं वाक्य वगळू नका. मी ज्या बाजूला बसतो तिथे अशा ईमेलकडे पहिल्यांदा संशयानंच बघितलं जातं, कारण मशीन चोरलेला माणूसही नोंद काढा म्हणूनच लिहितो. परत करायची तयारी दाखवणारा माणूस वेगळा दिसतो. मी तो टॅग मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये शोधतो. समोर विकलं असं असेल तर नोंद काढतो, हरवलं असं असेल तर वरिष्ठांना कळवतो. खुद्द नोंद काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो परवानगी मिळण्यात. आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलला जोडून नम्रपणे आठवण करा, नवा ईमेल सुरू करू नका.

कंपनीकडून "काढलं" असं उत्तर आलं आणि तरी पान येतंच, असं फार वेळा होतं. याचं कारण ठरलेलं आहे. आयटीच्या पॅनेलवर, म्हणजे इंट्यूनमध्ये, मशीन दोन ठिकाणी असतं. एक साध्या डिव्हाइसच्या यादीत आणि एक ऑटोपायलटच्या नोंदीच्या यादीत. घाईत माणूस पहिल्या यादीतून काढतो आणि दुसरी तशीच राहते. तेव्हा चिडू नका. "डिव्हाइस यादीतून काढल्याबद्दल आभार, कृपया विंडोज ऑटोपायलट डिव्हाइसेस या यादीतही हा टॅग शोधून काढावा" असं नेमकं लिहा. ती यादी सिरीयल नंबरनं शोधता येते. तिथून काढल्यावरही बदल पोहोचायला थोडा वेळ लागतो, म्हणून त्याच मिनिटाला तपासू नका. एक दिवस जाऊ द्या, मग विंडोज नव्यानं टाका. आधीच्या सेटअपमध्ये उतरवून घेतलेली माहिती मशीनमध्ये राहिलेली असू शकते, म्हणून नव्यानं टाकणं गरजेचं. मग वायफाय जोडा. हे मशीन वैयक्तिक आहे की कामाचं, असा प्रश्न आला किंवा थेट तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं, की समजा नोंद गेली.

आता त्या गोष्टीबद्दल, जी तुम्हाला कुणीतरी सांगणारच. नेट न जोडता सेटअप पूर्ण करून देतो, शंभर टक्के चालेल. तुमच्या दुकानदारानं दाखवताना मशीन असंच चालू केलेलं असणार, म्हणूनच तेव्हा काही दिसलं नाही. मी हे करत नाही, आणि कारणं सांगतो. नोंद तशीच राहते. कधी विंडोज बिघडली, मुलीनं रीसेट केला, की पुन्हा तेच पान येणार, आणि ते परीक्षेच्या आदल्या रात्रीही येऊ शकतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट नेटशिवाय सेटअपच्या वाटा एकेक करून बंद करत आली आहे. पुढे विकायचा झाला तर हीच फसवणूक तुमच्या हातून दुसऱ्याची होईल. आणि मशीन तिसऱ्या प्रकारातलं निघालं, तर कंपनीचं नाव दिसल्यावरही तुम्ही ते टाळून वापरलं असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ब प्रमाणे चोरीचा संगणक, तो चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला किंवा जवळ ठेवला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चोरीचा माल घेण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ वेगळं आहेच. बिलानं, उघडपणे घेतलेल्या आणि कंपनीला स्वतःहून कळवणाऱ्या माणसानं याला घाबरायचं कारण नाही. म्हणून तर ते पत्र लिहायचं.

विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाकून वापरता येईल का, असं खाली एकानं विचारलंय. येईल, ऑटोपायलट विंडोजच्या सेटअपमध्येच काम करतं. विक्री खरी होती असं कंपनीनं कळवलं, पण नोंद काढायला त्यांना महिना लागणार असेल, तर तोवर उबुंटू हा माझ्या मते चांगला मार्ग आहे. सी, पायथनचे प्रोग्राम त्यावर छान चालतात. पण मालकीचा प्रश्न सुटण्याआधी तो टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

कंपनी म्हणाली की हे मशीन आमचं आहे, विकलेलं नाही, तर लॅपटॉप बंद करून ठेवा, कंपनीचं उत्तर छापून घ्या आणि दुकानदाराकडे पूर्ण पैसे मागा. मशीन दुकानदाराकडे परत द्यायचं की कंपनीकडे, हे कंपनीला लेखी विचारून ठरवा आणि देताना पोच घ्या. मोबाईल चोरीचा आहे का हे आयएमईआयवरून संचार साथीच्या पोर्टलवर बघता येतं, लॅपटॉपला तशी सोय नाही. त्यामुळे तुमच्या हातात पुरावा म्हणून हा पत्रव्यवहारच राहणार आहे.

दुकानदार पैसे द्यायला नकार देत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंही काम झालं नाही तर सोलापुरात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. माझा अनुभव असा की टॅग घातलेलं बिल, पडद्याचा फोटो आणि कंपनीचा ईमेल हे तीन कागद टेबलावर ठेवले की बहुतेक दुकानदार तिथपर्यंत जाऊ देत नाहीत, मशीन बदलून देतात.

कंपनीच बंद पडली असेल तर? आधी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली का ते बघा, मग नव्या कंपनीचा आयटी विभाग गाठा. दिवाळखोरीत गेली असेल तर तिची मालमत्ता लिक्विडेटरच्या ताब्यात असते आणि त्याचं नाव जाहीर सूचनेत दिलेलं असतं. त्याला लिहिता येतं. पण खरं सांगायचं तर अशा वेळी मी गिऱ्हाईकाला मशीन बदलून घ्यायलाच सांगतो. त्या पत्रव्यवहाराला इतके महिने लागतात की मुलीचं वर्ष संपेल.

सोलापूरची कितीतरी मुलं हिंजवडीत आणि हैदराबादला नोकरी करतात, आणि नोकरी सोडताना कंपनी त्यांना वापरातला लॅपटॉप घसारा किमतीत देते. दिवाळीला तो घरी येतो आणि धाकट्या भावंडाला मिळतो. त्यांच्यासाठी: पैसे भरण्याआधी, शेवटच्या दिवसाच्या आत, एचआरकडून टॅग लिहिलेलं मालकी हस्तांतराचं पत्र घ्या आणि आयटीकडून ऑटोपायलटची नोंद काढल्याचा ईमेल घ्या. ऑफिसात बसूनच रीसेट करून बघा. कंपनीचा ईमेल बंद झाल्यावर हेच काम मिळवणं दहापट अवघड होतं, ओळखीचा आयटीवाला असला तरी.

दुकानातून घेणाऱ्यांनी एकच करायचं. दुकानदाराला विंडोज चालू करून दाखवा असं म्हणू नका. समोर पूर्ण रीसेट करायला सांगा आणि सेटअपमध्ये तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडा. तासभर जाईल, पार्क चौकात जाऊन चहा पिऊन या हवं तर. परत आल्यावर मशीन तुमचं स्वतःचं खातं मागत असेल तर पैसे द्या.

तुमच्या बाबतीत मशीन वाया जाण्यासारखं नाही. आठव्या पिढीचा आय-फाईव्ह विंडोज ११ ला अधिकृतपणे चालतो, त्यामुळे नोंद निघाली तर मुलीची चार वर्षं आरामात जातील. तोवर तिचं अडू नये म्हणून दुकानदाराकडून तात्पुरता दुसरा लॅपटॉप मागून घ्या, आणि तोही त्याच्या समोर रीसेट करून, हॉटस्पॉट जोडून घ्या. कंपनीचं उत्तर आलं की त्यांनी नेमके कुठले शब्द वापरलेत ते इथे लिहा, म्हणजे नोंद कुठल्या यादीतून निघाली आणि कुठली राहिली ते मला सांगता येईल. सर्व्हिस टॅग मात्र इथे सगळ्यांसमोर टाकू नका.